पहिली साडी नेहमी महागातलीच का दाखवतात?

पाटपाणी (मूळ धागा)

लक्ष्मी रस्ता असो, दादर असो की येवला, साडीच्या मोठ्या दुकानात गादीवर टेकलं की पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, बजेट काय धरलंय?" समजा उत्तर गेलं, पंधरा हजार. सेल्समन मान डोलावतो, मागच्या पोऱ्याला हाक मारतो आणि पहिली पेटी उघडायला लावतो ती पंचेचाळीस हजारांची. "घेऊ नका हो, नुसतं काम बघा." पदर सर्रकन उलगडतो, बांगडी-मोर दाखवतो, काठावरून बोट फिरवतो. बघून झालं तरी ती साडी घडी करून आत जात नाही. गादीच्या कडेला उघडीच राहते. मग येते अठ्ठावीसची, मग बावीसची. बावीसची खांद्यावर टाकून आरशासमोर उभं केलं जातं, तोवर 'पंधरा' हा आकडा कुणाच्याच तोंडी उरलेला नसतो. बावीस 'बऱ्यापैकी वाजवी' वाटायला लागलेली असते, कारण शेजारी पंचेचाळीस उघडी पडलेली आहे.

हे कुणी दुकानदार पुस्तकात वाचून करत नाही. पण यावर मानसशास्त्रात ढिगानं काम झालंय. अमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन यांनी १९७४ साली मांडलेला प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असेल. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवायचं. ते १० वर नाहीतर ६५ वरच थांबेल अशी आधीच सोय करून ठेवलेली. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देश किती टक्के? ज्यांच्यासमोर १० आला त्यांचा मधला अंदाज निघाला २५, ज्यांच्यासमोर ६५ आला त्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीचा संबंध नव्हता. साडीच्या दुकानात तर आकडा निदान साडीचाच असतो, मग तो आणखी पक्का रुतणार.

खांद्यावर टाकण्याचंही तसंच. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रयोगात अर्ध्या मुलांना कॉफीचा मग देऊन टाकला आणि म्हटलं, आता बाजार मांडा. ज्यांच्या हातात कप होता ते विकायला सव्वापाच डॉलर मागत होते, ज्यांच्याकडे नव्हता ते घ्यायला सव्वादोन-पावणेतीनच्या पुढे सरकत नव्हते. वस्तू तीच, पण एकदा 'आपली' झाली की सोडवत नाही. आरशात दिसलेली साडी बिल व्हायच्या आधीच आपली झालेली असते.

आणि हे गादीवरच घडतं असंही नाही. १९९० च्या नियमबदलानंतर आपल्याकडे पाकीटबंद मालावर सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. हेतू चांगला होता: त्याच्या वर कुणी घेऊ नये. पण छापलेला तो आकडा आता कमाल मर्यादेपेक्षा आमिषाचं काम जास्त करतो. एमआरपी ९९९, त्यावर काट, खाली ठळक ४४९. ४४९ ला ती वस्तू परवडण्यासारखी आहे का, हा प्रश्न डोक्यात येतच नाही. ५५० वाचले एवढंच दिसतं.

तुमच्या बघण्यात असे कुठले 'पहिले आकडे' आहेत? नुसती तक्रार नको, आतली यंत्रणा कळली तर मजा येईल.

खडूसपणा_चालू

छान धागा. तुळशीबागेत आमच्या आईचा नियम होता, सांगेल त्याच्या निम्म्यावरून सुरुवात. आम्हाला ती फार हुशार वाटायची.

शंकासुर

@खडूसपणा, निम्मं कशाचं? त्याच्याच आकड्याचं ना! त्यानं चारशे सांगितले की आई दोनशेवर, सहाशे सांगितले की तीनशेवर. आणि हा 'निम्म्याचा' नियम तुळशीबागेतल्या प्रत्येक दुकानदाराला माहीत आहे, म्हणून तो चारशेची वस्तू सहाशे सांगतो. घासाघीस करून दमलेल्या माणसाला आपण जिंकलो असं वाटतं, हा त्यातला बोनस.

खडूसपणा_चालू

आईला सांगू नका.

गल्ल्यावरचा

पाटपाणी ताई, आमचं साडीचंच दुकान आहे, तिसरी पिढी. गावाचं नाव सांगत नाही. तुम्ही लिहिलंय ते सगळं खरं, पण अर्धंच.

गिऱ्हाईक 'पंधरा' म्हणतं तेव्हा घरून वीस ठरवून आलेलं असतं. हे आम्हाला माहीत, आम्हाला माहीत आहे हे गिऱ्हाइकालाही माहीत. म्हणजे पहिला आकडा आम्ही नाही, तुम्हीच टाकता, आणि तोही मुद्दाम खाली. पंचेचाळीसची पेटी हे त्याला दिलेलं उत्तर असतं.

दुसरं, जी साडी खपवायची असते ती कधीच पहिली किंवा शेवटची येत नाही. आधी एक फार महाग, मग एक अशी की जी किमतीला बरी पण रंगाला मार खाणारी, आणि त्या दोघींच्या मधे ती. ती रंगानं मार खाणारी साडी विकायची नसतेच. ती आहे म्हणून मधली उठून दिसते. चहाचं विचाराल तर चहाचे पैसे कुणी साडीत लावत नाही. पण चहा पिऊन रिकाम्या हातानं उठायला माणसाला संकोच वाटतो, हे काही गुपित नाही.

यातून सुटणारी गिऱ्हाइकं दोनच प्रकारची. एक, ज्यांच्याबरोबर सासूबाई, आत्या, मावशी अशी पाच जणं असतात आणि कुणाचंच एकमत होत नाही. दुसरी, ज्यांना माल कळतो. पैठणी हातात आली की ती आधी पदर उलटा करतात. हातमागाची असेल तर मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रमागाची असेल तर मागे धागे लोंबत किंवा कापलेले दिसतात. पदर उलटा करणाऱ्या बाईपुढे आम्ही पंचेचाळीसची पेटी उघडतच नाही.

पाटपाणी

वा! मुख्य धाग्यापेक्षा हा प्रतिसाद भारी आहे. ती 'मार खाणारी साडी' म्हणजे ज्यावर १९८२ साली ह्यूबर, पेन आणि पुटो यांनी शोधनिबंध लिहिला तीच युक्ती. सरस वस्तूशेजारी तिच्यापेक्षा उघड उघड उणी वस्तू ठेवली की सरस वस्तूचा खप वाढतो. मल्टिप्लेक्सचं मधलं पॉपकॉर्न त्यातलंच.

शंकासुर

'माल कळतो तो सुटतो' यावर मात्र थोडं पाणी ओततो. नॉर्थक्राफ्ट आणि नील यांनी १९८७ मध्ये अमेरिकेतल्या टुसॉन शहरात खरोखरच्या घरांवर प्रयोग केला. घर तेच, माहितीचं बाड तेच, फक्त मालकाची मागणीची किंमत वेगवेगळी छापलेली. विद्यार्थ्यांचे अंदाज त्या आकड्यामागे गेले, तसेच घरांची दलाली करणाऱ्या मुरलेल्या एजंटांचेही गेले. फरक एवढाच की आपण त्या आकड्याचा विचार केला हे विद्यार्थी कबूल करत होते, एजंट करत नव्हते.

आता ज्या उत्साहानं हे सगळं सांगितलं जातं त्यावरही बोलतो. जॅमच्या बरण्यांचा प्रयोग ऐकला असेलच: २४ प्रकार मांडले तर ३ टक्के लोक घेतात, ६ मांडले तर ३० टक्के. २००० सालचा. दहा वर्षांनी अशा बऱ्याच प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला तेव्हा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास निघाला. म्हणजे कधी होतं, कधी नाही. उलट पहिल्या आकड्याचा परिणाम २०१४ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून पुन्हा तपासला, तो चांगलाच टिकला. तेव्हा 'मानसशास्त्र सांगतं' म्हणून आलेल्या प्रत्येक फॉरवर्डला दंडवत घालू नका. पाटपाणींनी नेमका टिकणारा मुद्दा निवडलाय, हे त्यांचं श्रेय.

सातवी_गल्ली

मला वेगळंच सांगायचंय. आमच्या आजीकडे स्वयंपाकघरात पैशाचे डबे होते. दुधाचे पैसे साखरेच्या डब्यामागे, शाळेच्या फीचे तुरीच्या डाळीत, पाहुण्यारावळ्याचे वेगळे. फीचे पैसे संपले तर उसनं आणेल, पण दुधाच्या डब्याला हात लावणार नाही. रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्ये नेमकं हेच मांडलं, की लोक डोक्यात पैशाची वेगवेगळी खाती करतात आणि एकातला रुपया दुसऱ्यात धरत नाहीत. या आणि अशाच कामासाठी त्यांना २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. अर्थशास्त्र याला चूक म्हणतं, कारण रुपया तो रुपया. पण आजीनं त्या 'चुकीवर' चार मुलं शिकवली.

माझं म्हणणं असं की डबा आपण ठरवला तर तो शिस्त आहे, तोच डबा दुसऱ्यानं आपल्यासाठी ठरवून दिला की भुर्दंड. उदाहरण सराफांच्या मासिक योजनांचं. अकरा हप्ते तुम्ही भरा, बारावा आमच्याकडून. दरमहा ५,००० धरले तर ५५,००० वर ५,००० मिळाले, म्हणजे ९ टक्के. पैसे सरासरी सातेक महिनेच अडकतात, म्हणजे कागदावर मुदत ठेवीपेक्षा झकास. पण तो डबा फक्त त्याच दुकानात, फक्त दागिन्यावर फुटतो. घडणावळीचा दर त्या दिवशी दुकान सांगेल तो. काही जण घडणावळीत खरंच सूट देतात, तिथे योजना चांगली आहे. जिथे देत नाहीत तिथे ते ५,००० घडणावळीतून परत जातात आणि 'सोन्याचे पैसे आहेत, सोन्यालाच लावायचे' म्हणून कुणी प्रश्नही विचारत नाही. अकरा महिनेच का, तर २०१४ च्या ठेव नियमांप्रमाणे ३६५ दिवसांच्या आत माल दिला नाही तर ती आगाऊ रक्कम 'ठेव' ठरते आणि कंपनीमागे सगळं झंझट लागतं. त्याआधी दीड-दोन वर्षांच्या योजनाही चालायच्या.

पासबुक

सातवी_गल्ली यांच्याशी सहमत. ठरवून दिलेल्या डब्याचा सगळ्यात मोठा नमुना म्हणजे 'नो कॉस्ट ईएमआय'. बँकेत काम करतो म्हणून हिशेब उघडा करून दाखवतो.

रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच शून्य टक्के व्याजाच्या ईएमआयवर ताशेरे ओढले होते, कारण शून्य टक्के असं काही नसतंच. आज जे चालतं ते असं: फोन ६०,००० चा, सहा हप्ते, प्रत्येकी १०,०००. वार्षिक १५ टक्के दर धरला तर बँक मुद्दल लावते साधारण ५७,४६०. उरलेले २,५४० व्याज, तेवढी 'सूट' विक्रेता किंवा कंपनी देते. इथपर्यंत फिटंफाट. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्या कार्डावर येतो, म्हणजे ४५७. वर प्रक्रिया शुल्क, त्यावर पुन्हा जीएसटी. रोख घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती गेली ती वेगळीच.

पण खरं सांगायचं तर हे सहा-सातशे रुपये किरकोळ आहेत. मोठा खर्च आधीच होऊन गेलेला असतो. माणूस ३५,००० चा फोन बघायला आलेला असतो. ३५ आणि ६० मधला फरक २५,००० दिसला तर तो थबकतो. 'महिना सहा ऐवजी दहा' असा दिसला की थबकत नाही. प्रेलेक आणि सिमेस्टर यांनी २००१ मध्ये बोस्टनच्या बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांचा लिलाव केला. कार्डानं पैसे भरायचे आहेत असं ज्यांना सांगितलं, त्यांची बोली रोखवाल्यांच्या दुप्पट निघाली. तिकीट तेच. नोट हातातून जाताना जे टोचतं, ते कार्डाला टोचत नाही. यूपीआयला तर त्याहून नाही, तिथे फक्त दुकानातला डबा ओरडतो.

बे_एरियातली_मावशी

आमच्या इथल्या मंडळात नव्यानं आलेली मुलं लगेच ओळखू येतात. चहाचा कप चार डॉलर म्हटलं की रुपयाच्या दरानं गुणून तोंड वेडंवाकडं करतात. वर्षभरात गुणाकार बंद होतो. मग सुट्टीला पुण्यात गेली की उलटा भागाकार सुरू! 'साडी फक्त दोनशे डॉलर?' गल्ल्यावरचा यांच्यासारख्यांचं आमच्यावर फार प्रेम असतं ते उगाच नाही.

गल्ल्यावरचा

ताई, डिसेंबरमध्ये आम्ही एसी जास्त लावतो. :)

लातुरी_माणूस

शहरातल्या साड्या झाल्या, आता आमचं ऐका. पहिला आकडा विकणाऱ्यालाबी धरतो.

२०२१ च्या पावसाळ्यात लातूरच्या बाजारात सोयाबीननं क्विंटलला दहा हजार पाहिले. तोवर आमच्याकडचा माल कधीच विकून झाला होता. पण आकडा बसला डोक्यात तो बसलाच. नवा माल निघाला तेव्हा भाव पाच हजारांच्या आसपास. लोकांनी माल घरात ठेवला. पाच हजार हा भाव वाईट नव्हता, त्याआधीची कैक वर्षं त्याहून कमीच मिळाला होता. पण दहा बघितल्यावर पाच म्हणजे निम्मं गेलं असंच वाटतं. पुढं २०२३-२४ चा हमीभाव ४,६०० आणि २०२४-२५ चा ४,८९२, आणि बाजार बऱ्याच वेळा त्याच्याबी खालीच. थप्प्या तशाच.

आता कुणी म्हणंल शेतकऱ्याला कळत नाही. तसं नाही. खाद्यतेलाचं आयात शुल्क दिल्लीत वरखाली होतं, पेंडीचा भाव परदेशात ठरतो, आणि ज्याला आडत्याची उचल फेडायची असते त्याला थांबताच येत नाही, त्याचा माल पहिल्या आठवड्यात जातो. थांबणं हे ज्याच्याकडं चार पैसे आहेत त्याचंच काम. त्यामुळं पूर्वग्रह म्हणा, पण सगळा दोष डोक्यावर टाकू नका.

शंकासुर

+१. धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद. तोट्यात विकणं नको म्हणून तोट्यातला शेअर धरून बसणं आणि नफ्यातला घाईनं विकणं, यावर शेफ्रिन आणि स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये लिहिलंय. पण शेअरवाल्याला आडत्याची उचल नसते, हा फरक त्यांच्या कागदावर नाही.

बटण_कुठंय

मी ॲपचे पडदे डिझाइन करते. गल्ल्यावरचा जे समोरासमोर, चहा पाजून करतात ते आमच्याकडे बिनचेहऱ्यानं होतं, म्हणून मला ते जास्त वाईट वाटतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा तेरा प्रकारांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. खोटी घाई ('फक्त २ शिल्लक'), न विचारता टोपलीत विमा किंवा देणगी सरकवणं, नाही म्हणणाऱ्याला लाजवणारं बटण ('नको, मला बचत करायची नाही'), शेवटच्या पडद्यापर्यंत लपवलेलं शुल्क, वर्गणी घेताना एक टिचकी पण बंद करताना भूलभुलैया, हे सगळं त्यात आहे.

बैठकीत काय होतं ते सांगते. 'फसवू या' असं कुणीच म्हणत नाही. दोन पडदे निम्म्या-निम्म्या लोकांना दाखवतात, ज्यानं विक्री जास्त झाली तो राहतो. लपवलेलं शुल्क नेहमी जिंकतं, कारण तिकिटाचा पहिला आकडा कमी दिसतो आणि नाव, वय, आसन भरून झाल्यावर साठ रुपयांसाठी मागे कुणी फिरत नाही. असं काही दिसलं तर पडद्याचं चित्र काढून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करा.

खडूसपणा_चालू

साठ रुपयांसाठी मागे फिरत नाही, पण कोथिंबिरीच्या जुडीवर पाच रुपयांसाठी भांडतो!

पाटपाणी

@खडूसपणा, त्यावरही प्रयोग आहे. :) १९८१, पुन्हा ट्वर्स्की-काहनेमन. १५ डॉलरच्या कॅल्क्युलेटरवर ५ डॉलर वाचणार असतील तर वीस मिनिटं गाडी हाकून दुसऱ्या दुकानात जाल का? ६८ टक्के हो म्हणाले. तेच ५ डॉलर १२५ च्या कॅल्क्युलेटरवर वाचणार असतील तर? फक्त २९ टक्के. वाचणारे पैसे आपण पैशात मोजत नाही, वस्तूच्या किमतीशी ताडून बघतो.

लग्नाचे कार्यालयवाले आणि फोटोवाले यावरच जगतात. ताटाचा दर, हॉल, डेकोरेशन मिळून बारा लाखांची यादी झाली की शेवटी "ताई, ड्रोन फक्त पंधरा हजार". बारा लाखांपुढे पंधरा हजार दिसतच नाहीत. फ्लॅटचंही तेच. ऐंशी लाखांच्या करारावर सह्या झाल्यावर त्याच आठवड्यात किचन ट्रॉली, फॉल्स सीलिंग, दारावरची जाळी जे काय सांगतील ते 'होऊन जाऊ दे'. आम्ही एका नात्यातल्या लग्नात ड्रोन, फेटे, रुखवत सगळ्याचे भाव कार्यालय ठरवायच्या आधीच, वेगळ्या दिवशी, वेगळ्या कागदावर मागवले होते. पंधरा हजार एकटे उभे राहिले की ते चांगलेच पंधरा हजार दिसतात. ड्रोन रद्द झाला. फेटे राहिले, त्यांवर मामांचा हट्ट होता.

धोपटमार्गी

सगळे प्रतिसाद वाचले. पासबुक, एक विचारू? भावानं एक पारंपरिक विमा पॉलिसी घेतलीय, वर्षाला ६०,००० चा हप्ता, वीस वर्षं. चार हप्ते भरले. आता कळतंय की परतावा साध्या ठेवीइतकाही नाही. पण "दोन लाख चाळीस हजार भरलेत, आता सोडायचं कसं" यावर गाडी अडलीय. वडील पण तेच म्हणतात.

पासबुक

याच अडलेल्या गाडीवर आर्क्स आणि ब्लूमर यांचा १९८५ चा नाट्यगृहाच्या हंगामी तिकिटांचा अभ्यास आहे. ज्यांनी पुरे पैसे मोजले ते सवलतीत तिकीट मिळालेल्यांपेक्षा जास्त नाटकांना गेले. नाटकं तीच होती, गेलेल्या पैशांनी त्यांना खुर्चीत नेऊन बसवलं.

भावाला भरलेल्या २,४०,००० बद्दल बोलूच देऊ नका, त्यावरून वडिलांशी वाद होईल आणि निघणार काहीच नाही. कंपनीकडून तीन आकडे लेखी मागवा. एक, आज बंद केली तर सरेंडरचे किती. दोन, हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप ठेवली तर मुदतीअखेर किती. तीन, पूर्ण चालवली तर किती, त्यात हमीचे किती आणि बोनसच्या अंदाजाचे किती ते वेगळं. १ ऑक्टोबर २०२४ पासून सरेंडरचे नियम बदललेत, नव्या पॉलिसींना पहिल्या वर्षानंतरही बऱ्यापैकी रक्कम मिळते. त्यामुळे पॉलिसी कधीची आहे ते आधी बघा. आणि त्या पॉलिसीशिवाय त्याचा दुसरा टर्म विमा नसेल तर तो हातात पडेपर्यंत ही बंद करू नका.

एजंटाला फोन करू नका, तो पहिला आकडा सांगेल. शाखेत अर्ज द्या आणि पोच घ्या.

धोपटमार्गी

पॉलिसी मार्च २०२२ ची आहे. सोमवारी शाखेत जातो, वडिलांना बरोबर नेतो. तीन आकडे आले की इथेच टाकतो.